अप्पांचं नाव कुणाला

हे मी मराठी अक्षरांत लिहिते आहे, कारण माझा भाऊ रघोजी ते वाचू शकणार नाही. तंजावरच्या आमच्या घरात सगळे मराठी बोलतात, मराठीत भांडतात, पण लिहायची वेळ आली की हात तमिळकडेच वळतो. बालबोध अक्षर अप्पांनी मला एकटीलाच शिकवलं. तेव्हा रघोजी रांगत होता आणि सुरेंद्र जन्मायचा होता. त्यामुळे मी इथे मोकळेपणानं लिहिणार आहे.

रघोजी माणूस चांगला आहे. भातखरेदी केंद्रात तो कारकून आहे. हंगामात ओरत्तनाडूच्या बाजूला दिवसभर पोती तोलून घेतो आणि संध्याकाळी टीव्हीएस मोपेडवरून घरी येतो, तेव्हा त्याच्या भुवयांतसुद्धा भाताचा कोंडा असतो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. त्याला एकच रोग आहे, तो म्हणजे दुसऱ्याचं बरं झालेलं त्याला बघवत नाही. आणि हा दुसरा म्हणजे जगातला कुणीही नव्हे, फक्त सुरेंद्र, आमच्यातलं शेंडेफळ. लहानपणी आई दोशावर तूप घालायची तेव्हा रघोजी आपला दोसा बघायचा नाही, सुरेंद्राचा बघायचा. सुरेंद्र चेन्नईला जाऊन कंप्युटरच्या कंपनीत लागला, त्याला दिव्यश्रीसारखी हसतमुख बायको मिळाली, तेव्हाही रघोजी लग्नात सगळ्यांच्या पुढे राबला आणि रात्री पित्त झालं म्हणून जेवला नाही. मी थोरली बहीण आहे, मला त्याचं पित्त ओळखता येतं.

एका बाबतीत मात्र तो सुरेंद्राच्या पुढे होता. अप्पांच्या शेवटच्या आजारपणात.

मधुमेहानं अप्पांचा पाय चिघळला आणि ते वर्षभर अंथरुणाला खिळले. आमचे अप्पा, एकोजीराव, म्हणजे तालुक्यातले नावाजलेले सर्व्हेअर, आयुष्यभर कालव्यांच्या बांधांवरून ताठ चाललेला माणूस. त्यांना कुशीवर वळवायलासुद्धा माणूस लागायला लागला. तो माणूस म्हणजे रघोजी आणि त्याची बायको कीर्तना. मी पापनाशमला दिलेली. आठवड्यातून एकदा यायची, रडायची आणि शेवटच्या बसनं परत जायची. सुरेंद्र महिन्याकाठी सफरचंदांची पेटी घेऊन यायचा. अप्पांना साखर, त्यामुळे सफरचंदं आम्हीच खायचो.

कीर्तना तेव्हा एका कापडदुकानात बिलं करायची. दुकानातून आली की पदर खोचून जखम धुवायला बसायची. किळस नाही, घाई नाही. अप्पा वेदनेनं तिच्यावर ओरडायचे, कधी कधी फार वाईट बोलायचे, तरी तिचा हात थांबत नसे. सरकारी दवाखान्यातल्या एका वयस्क सिस्टरनं तिचं काम बघून सहज म्हटलं, "तू इकडे यायला हवी होतीस, बिलं कसली करत बसलीस?" ते वाक्य कीर्तनेच्या डोक्यात बसलं.

अप्पा गेले. वर्षाची मासिक श्राद्धं संपता संपता तिनं घरात विषय काढला. बारावीला तिचं सायन्स होतं, नर्सिंगला घेत होते, वयाची अट ओलांडायला थोडंच उरलं होतं. लग्न झालेली चालेल, पण मध्ये मूल झालं तर वर्ष गेलंच समजा, असं तिथल्या प्राचार्यबाईंनी तोंडावरच सांगितलं होतं.

"तीन वर्षं मूल नको," कीर्तना रघोजीला म्हणाली. "चालेल तुम्हाला?"

"सरी," तो म्हणाला. आमच्याकडे 'बरं' म्हणायला तमिळमधला हा शब्द फार सोयीचा आहे. "तू शीक गे. मूल कुठे पळून जातं?"

आणि मग हा मनुष्य आमच्या रस्त्यावरच्या, मेलवीदीतल्या चहाच्या दुकानात सांगत सुटला, माझी बायको नर्स होणार, अप्पांची सेवा करून करून तिला विद्या आली. पहिलं वर्ष त्यानं डोक्यावर घेतलं. तिला सकाळी सोडायचा, सुट्टीच्या दिवशी सांबारही करायचा. पाणचट, पण करायचा. मला खरंच कौतुक वाटायचं.

दुसऱ्या वर्षी पोंगलला सुरेंद्र आणि दिव्यश्री आले. पानावर गोड पोंगल वाढल्याबरोबर दिव्यश्री तोंडावर हात धरून परसात पळाली. आई हसली, मी हसले. रघोजी तेवढा हसला नाही. त्यानं घास खाली ठेवला आणि सुरेंद्राकडे असं बघितलं, जणू सुरेंद्रानं त्याच्या ताटातलं उचललं होतं.

त्याच्या मनात काय आलं ते मला तिथेच कळलं. आमच्या घरात पहिल्या नातवाला आजोबांचं नाव. अप्पांना त्यांच्या आजोबांचं, त्या आजोबांना त्यांच्या. आणि ते नाव पाळण्याशी बाळाच्या कानात सांगायचं ते आत्यानं, म्हणजे मी. तेव्हा रघोजीनं सुरेंद्राकडे बघून झाल्यावर माझ्याकडे बघितलं.

"एकोजी माझ्या मुलाचं नाव," हात धुताना तो माझ्या कानाशी म्हणाला. "ऐक अक्का, मी थोरला आहे."

"थोरला आहेस, पण मूल कुठे आहे तुज?" मी म्हटलं. बोलून गेले. माझी जीभ अशीच आहे.

त्यानं प्रकरण अप्पाजीकाकांपर्यंत नेलं. अप्पाजीकाका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ, घरातलं सुप्रीम कोर्ट. त्यांनी विडा गालात सरकवून निकाल दिला, "जे आधी येईल त्याचं नाव. बसमध्ये पंचा टाकून जागा धरतात, तसं नाव धरता येत नाही. पंचा टाकणाराही स्टँडवर हजर असावा लागतो, रघो." वर हेही म्हणाले की चुलत भावंडांना एकच नाव ठेवलेली कितीतरी घरं आहेत, त्यात काय एवढं? रघोजीच्या अंगाचा तिळपापड झाला. "मज सुरेंद्राचं उष्टं नको," तो म्हणाला आणि उठून गेला.

मग त्यानं जे केलं ते आमच्या घराण्यात कुणी केलं नसेल. दर मंगळवारी तो पुन्नैनल्लूरच्या मारियम्मन देवीला जायला लागला. पत्र्याची छोटी बाळाची मूर्ती वाहायचा, डोळे मिटून उभा राहायचा. दिव्यश्रीला फोनवर हे कळलं तेव्हा ती गहिवरली. "अण्णा माझ्या बाळासाठी एवढे नवस करतात," ती मला म्हणाली. करत होताच. सुरेंद्राला मुलगी होऊ दे म्हणून करत होता. सुदृढ होऊ दे, देखणी होऊ दे, हुशार होऊ दे, पण मुलगी होऊ दे. त्यानंच मला हे सांगितलं, आणि वर विचारलं, "ह्यात वाईट काय मागितलं गा मी?" मी कपाळावर हात मारून घेतला.

या सगळ्यात कीर्तना कुठे होती? पुस्तकात. निदान रघोजीला तरी तसंच वाटायचं. ती पहाटे उठून पाठ करायची, ड्यूटीवर जायची, येऊन वह्या लिहायची. सुरेंद्राकडच्या बातमीवर ती "चांगलं जाहलं" एवढंच म्हणाली होती. रघोजीचा जळफळाट चालायचा आणि ही रक्तवाहिन्यांची चित्रं काढत बसायची. तो तिच्यावरही धुसफुसायला लागला. पेशंटांना दिवसभर 'कसं वाटतं' विचारते, नवऱ्याला एकदा तरी विचारते का, असं त्याचं म्हणणं. ड्यूटीवरून येताना ती दमलेली असायची, पण तोंडावर एक तेज असायचं, तेही त्याच्या डोळ्यांत खुपायला लागलं.

सातव्या महिन्यात दिव्यश्रीचा बांगड्यांचा समारंभ झाला, इथल्या तमिळ घरांत करतात तसाच. गर्भारशीच्या शेजारी मूल न झालेल्या एका सवाष्णीला बसवतात आणि तिच्याही हातांत काचेच्या बांगड्या भरतात, म्हणजे पुढचा नंबर तिचा. आईनं कीर्तनेला बसवलं. लाल-हिरव्या बांगड्यांनी तिचे हात कोपरापर्यंत भरले. बायका चेष्टा करत होत्या, ती मान खाली घालून हसत होती. रघोजी दारातून बघत होता, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचा चेहरा निवांत दिसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दोन्ही हात रिकामे.

"बांगड्या कुठे आहेत?" रघोजीनं विचारलं.

"काढल्या. वॉर्डात काच चालत नाही."

"एक दिवससुद्धा ठेवाव्या वाटल्या नाहीत तुज?"

"आज लेबर वॉर्डची पहिली पोस्टिंग होती. कशा ठेवणार?"

त्यावर तो जे बोलला ते आईनं मला नंतर सांगितलं. तुला मूल नकोच आहे, तुला तो युनिफॉर्म पाहिजे, तू अप्पांच्या पायापासून सुरुवात केलीस आणि आता सगळ्या गावाची सेवा करशील, माझंच तेवढं राहील. कीर्तनेनं त्याचं ताट वाढलं, आपण न जेवता पुस्तक घेऊन बसली. आई म्हणाली, पानं मात्र उलटत नव्हती.

मारियम्मननं रघोजीच्या बाकीच्या सगळ्या मागण्या ऐकल्या. मूल सुदृढ झालं, देखणं झालं. पण मुलगा झाला.

मी फोन करून रघोजीला सांगितलं तेव्हा त्यानं आधी तोलकाट्याजवळच्या हमालांना पोत्यांचा आकडा ओरडून सांगितला. मग तो म्हणाला, "बरं जाहलं," आणि फोन ठेवला.

आता खरं तर इथेच संपायला हवं होतं. नाव गेलं, माणूस थोडे दिवस जळेल, मग विसरेल. पण आठवड्यानं तो भरदुपारी टीव्हीएस घेऊन पापनाशमला माझ्या दारात उभा. डोळे लाल.

"सुरेंद्राचा फोन आला होता," तो माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून म्हणाला. "बाळाचं नाव साईराम ठेवतोय म्हणाला. अप्पांचं नाव तुझ्या मुलासाठी सोडलं, अण्णा, असं म्हणाला."

"मग? तुज हेच पाहिजे होतं ना?"

"मज पाहिजे होतं गा! त्यानं द्यायला नको होतं!" तो ओरडला. "आता जन्मभर माझ्या मुलाला हाक मारली की मज आठवणार, सुरेंद्रानं सोडलं म्हणून मिळालं. अप्पांचं करायला हा नव्हता, आणि अप्पांचं नाव मज हा दान करतो. भीक नको मज!"

मी ताकाचा पेला त्याच्यासमोर आपटला. मलाही बोलायचं होतं. माझ्या मुलांना अप्पांचं नाव कधीच मिळणार नव्हतं, ती सासरच्यांची. अप्पांकडून अक्षर शिकलेली मी एकटी, आणि त्यांचं नाव मी फक्त भावांच्या मुलांच्या कानात सांगायचं. मला हेवा वाटत नसेल? वाटतो. वाटतच होता. पण दोन बैल शिंगं लावून उभे असताना गाईला कोण विचारतं. "बारशाला ये आणि तोंड बंद ठेव," एवढंच मी म्हटलं.

बारसं आमच्याच घरी, मेलवीदीत झालं. पाळण्याला झेंडू बांधला होता. कीर्तनेची दुपारची ड्यूटी होती, म्हणून ती युनिफॉर्म घालूनच सगळ्यांना पायसम देत फिरत होती. पाहुण्यांत दोघीतिघींनी नाकं मुरडली. आईनं त्यांच्याकडे बघितलं तशी नाकं सरळ झाली.

सुरेंद्र तांदळाच्या ताटापुढे बसला. सोन्याच्या अंगठीनं तांदळात नाव लिहायचं, ते भटजींनी वाचायचं, मग मी कानात सांगायचं. त्यानं अंगठी उचलली आणि रघोजी उठून उभा राहिला. मी डोळ्यांनी त्याला दटावलं. उपयोग नव्हता.

"थांब, सुरेंद्र," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "अप्पांचं नाव लिही. पहिला नातू तुझा आहे, नाव त्याचं. मज कुणाची मेहेरबानी नको."

सुरेंद्र गोंधळला. त्यानं बायकोकडे बघितलं. दिव्यश्री भोळी पोर, तिला वाटलं अण्णा मोठ्या मनानं बोलताहेत. ती म्हणाली, "मेहेरबानी कसली, अण्णा? आम्ही कुठे आपणहून सोडलं? आम्ही तेच ठेवणार होतो. वैनींनी फोन करून मागून घेतलं."

घरात वैनी एकच. सगळ्यांच्या माना कीर्तनेकडे वळल्या. ती पायसमचं ताट हातात धरून खांबाशी उभी होती.

"तू मागितलंस?" रघोजीनं विचारलं.

"होय," ती म्हणाली. "मी मागितलं."

"का?"

मला वाटलं आता ती नेहमीसारखी मान खाली घालेल. तिनं मान वर केली.

"का म्हणजे? रोज लेबर वॉर्डात दुसऱ्यांची मुलं पुसते मी. गुंडाळते, वजन करते, आईच्या हाती देते आणि हसते. त्या सगळ्या घरी घेऊन जातात. मी हात धुऊन बसनं घरी येते. दिव्यश्रीचं पोट पाहिलं तेव्हा माझ्या पोटात आग पडली, तिच्या शेजारी बसवून बांगड्या भरल्या तेव्हा वाटलं उठून पळावं. ड्यूटीला जाताना बाथरूममध्ये एकेक बांगडी काढली आणि रडले. तुम्हाला वाटतं तुम्ही एकटे जळता? तुम्ही ओरडून जळता, म्हणून सगळ्यांना दिसतं." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "मामंजींचा पाय मी धुतला. त्यांच्या शिव्या मी खाल्ल्या. ते नाव माझ्या मुलाचं आहे. म्हणून मी फोनवर दिव्यश्रीच्या पाया पडले. मज लाज नाही वाटत."

आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. एवढं बोलताना ती एकदाही 'एकोजी' म्हणाली नव्हती, 'ते नाव' म्हणत होती, आणि त्या दोन शब्दांत तिनं ते अख्खं मिठीत धरलं होतं.

मी रघोजीकडे बघितलं, म्हटलं आता हा भडकणार. पण त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत होतं. आधी ओठांच्या कोपऱ्यात, मग गालांवर. बायको भर पाहुण्यांत रडते आहे आणि हा बावळटासारखा हसतो आहे! इतके महिने त्याला वाटत होतं, या घरात मूल फक्त त्याला हवं आहे. सुरेंद्राचं दान नव्हतंच ते. त्याच्या बायकोनं त्याच्यासारखंच जळून जळून ओढून आणलेलं होतं.

तो खुशीत आला की उदार होतो. "जाऊ दे गे," तो पुढे होत म्हणाला, "देऊन टाकू या नाव. आईला अप्पांचं नाव घरात ऐकायला मिळेल. आपलं जेव्हा होईल तेव्हा होईल."

"नाही," कीर्तना म्हणाली.

"अगे, ऐक तरी."

"नाही म्हटलं ना. तुम्हाला सोडायचं तर सोडा, मी सोडत नाही."

अप्पाजीकाकांना राहवलं नाही. त्यांनी खाकरून सुरुवात केली, "पोरी, तुझी परीक्षा, मग नोकरी, मग कधी तरी मूल. आणि मुलगाच होईल हे कशावरून?"

"मुलगी जाहली तर तिलाही तेच ठेवीन," कीर्तना म्हणाली.

काकांचा विडा घशात अडकला. दिव्यश्रीच्या मावशीनं त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. भटजी छताकडे बघत राहिले. सुरेंद्रानं कुणाला न विचारता तांदळात तमिळ अक्षरांत 'साईराम' लिहिलं, आणि मी पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात तेच सांगितलं. बाळानं जांभई दिली.

मग मला आईची आठवण झाली. तिच्या नवऱ्याच्या नावाचा हा सगळा बाजार, आणि तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिची सत्तरी उलटली आहे. चालताना भिंत धरते. तिला वाईट वाटलं असणार, म्हणून मी तिला शोधायला वळले. ती कीर्तनेजवळ पोचलीही होती. तिनं सुनेच्या हातातलं ताट काढून घेतलं, पदरानं तिचे डोळे पुसले आणि युनिफॉर्मवर सांडलेला पायसमचा थेंब बोटानं टिपला.

"जा, ड्यूटीला उशीर होतो," आई म्हणाली. "नीट शीक. ते नाव ऐकायला मी थांबते."